जाणत्यांचे व्यसन

रुग्णालयात काम करणारी माणसे सिगारेट ओढतात, तंबाखू खातात, याचे बाहेरच्यांना नवल वाटते. आतल्यांना त्याचे काहीच वाटत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचे एक्स-रे पाहून उठलेला निवासी डॉक्टर फाटकाबाहेरच्या टपरीवर कटिंगसोबत सिगारेट पेटवतो. रुग्णाला शस्त्रक्रियागृहात पोहोचवून वॉर्डातले मामा स्ट्रेचर भिंतीला लावतात आणि खिशातली चुन्याची डबी काढतात. जगभरातील पाहण्यांचा एक एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आरोग्यसेवकांमध्ये तंबाखूसेवनाचे प्रमाण त्यात सरासरी २१ टक्के आढळले. पुरुषांत ३१ आणि स्त्रियांत १७. धोका ठाऊक नसतो म्हणून माणूस व्यसनात पडतो आणि ठाऊक झाला की बाहेर येतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. तिची खरी परीक्षा याच लोकांवर होते. त्यांच्या बाबतीत अज्ञानाचे कारण पुढे करता येत नाही. अज्ञान वजा केल्यावर जे शिल्लक राहते, त्यात निकोटिनचा वाटा किती आणि कामाच्या जागेचा किती, एवढाच प्रश्न उरतो.

तंबाखू आणि वैद्यक यांचे सुरुवातीला वैर नव्हते. सोळाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात आलेले हे पान औषध म्हणूनच मिरवले. सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस याने ते कोणकोणत्या विकारांवर चालते याची लांबलचक यादी दिली. लिस्बनमधील फ्रेंच राजदूत ज्याँ निको याने १५६० च्या सुमारास ते औषधी वनस्पती म्हणून फ्रान्सच्या दरबारी धाडले आणि पुढे त्यातल्या द्रव्याला त्याचेच नाव मिळाले. भारतात तंबाखू पोर्तुगिजांबरोबर आला आणि आधी दख्खनमध्ये रुजला. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला विजापूरहून आग्र्याला परतलेल्या असद बेग या मोगल दूताने तो अकबरापुढे ठेवला. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, तेव्हा हकिमाने हरकत घेतली. या वस्तूचा आपल्या वैद्यकात अनुभव नाही, ग्रंथांत उल्लेख नाही, तेव्हा ती घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. बादशहाने सल्ला मानला. दरबाऱ्यांनी मानला नाही. त्यांनी असद बेगकडून तंबाखू मागून नेला, मागोमाग व्यापाऱ्यांनी तो आणायला सुरुवात केली, आणि जहांगिराला १६१७ मध्ये बंदीचे फर्मान काढावे लागले. त्या फर्मानाने काही साधले नाही. १८२८ मध्ये हाइडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि रायमान यांनी तंबाखूतून निकोटिन वेगळे केले आणि ते विष असल्याचे नोंदवले. या दोघांपैकी पोसेल्ट डॉक्टर होता.

विसाव्या शतकात यंत्राने वळलेली स्वस्त सिगारेट आली आणि डॉक्टर हाच तिचा जामीनदार झाला. १९३० मध्ये लकी स्ट्राइकच्या जाहिरातीने २०,६७९ डॉक्टरांचा हवाला देऊन आपली सिगारेट घशाला कमी खवखवते असा दावा केला. १९४६ पासून कॅमलच्या जाहिराती सांगू लागल्या की इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा कॅमल ओढणारे डॉक्टर जास्त आहेत. कंपन्या वैद्यकीय परिषदांमध्ये डॉक्टरांना फुकट पाकिटे वाटत, त्यामुळे त्यांच्या खिशात कोणता छाप सापडेल हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे नियतकालिकही १९३३ पासून वीस वर्षे सिगारेटच्या जाहिराती छापत होते. या जाहिराती चालल्या, कारण त्यांतले चित्र खोटे नव्हते. डॉक्टर खरोखरच ओढत होते, तपासणीच्या खोलीत आणि वॉर्डातही.

हाच धूम्रपान करणारा डॉक्टर पुढे सिगारेटविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा ठरला. लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल फुप्फुसाच्या कर्करोगाच्या वाढत्या संख्येचे कारण शोधत होते. डॉल यांचा पहिला संशय मोटारींचा धूर आणि रस्त्यांवरचे डांबर यांच्यावर होता. रुग्णालयांतील रोग्यांची विचारपूस केली, तेव्हा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांमध्ये कधीच न ओढलेले फक्त दोन निघाले. हा निष्कर्ष १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. डॉल स्वतः ओढत असत. अभ्यास चालू असतानाच त्यांनी सिगारेट सोडली.

मात्र आजारी माणसाला मागचे विचारून काढलेल्या निष्कर्षावर शंका घेता येते. निरोगी माणसांच्या सवयी आधी टिपून ठेवायच्या आणि पुढे कोण कशाने मरतो ते पाहायचे, हा खरा मार्ग होता. त्यासाठी या दोघांनी निवडले ब्रिटनमधले डॉक्टर. १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे ६० हजार डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली पाठवण्यात आली आणि ४० हजारांहून अधिक उत्तरे आली. निवड हुशारीची होती. डॉक्टर आपल्या सवयीबद्दल नेमके लिहितील, व्यवसायाच्या नोंदवहीमुळे त्यांचा ठावठिकाणा लागत राहील, आणि त्यांच्या मृत्यूचे कारण काळजीपूर्वक नोंदले जाईल, असा त्यामागे हिशेब होता. १९५४ च्या पहिल्या अहवालापर्यंत पस्तिशीपुढच्या पुरुष डॉक्टरांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे ३६ मृत्यू नोंदले गेले. ते सगळे ओढणारे होते. अभ्यास पन्नास वर्षे चालला. शेवटचा मोठा अहवाल २००४ मध्ये आला, तेव्हा डॉल नव्वदी ओलांडून गेले होते. आयुष्यभर सिगारेट ओढणारा माणूस सरासरी दहा वर्षे आधी मरतो, हे गणित त्या अहवालातले. साठाव्या वर्षी सोडली तर त्यातली तीन वर्षे परत मिळतात, पन्नाशीत सोडली तर सहा, चाळिशीत नऊ, आणि तिशीत सोडली तर जवळजवळ सगळी दहा.

पुरावा समोर आल्यावर डॉक्टरांनी काय केले, याचे उत्तर दुहेरी आहे. अभ्यास सुरू झाला तेव्हा ब्रिटनमधले निम्म्याहून अधिक पुरुष डॉक्टर ओढत होते. चाळीस वर्षांनी त्यांचे प्रमाण पाचांत एकाहूनही खाली आले होते. सामान्य लोकांच्या कितीतरी आधी डॉक्टरांनी सिगारेट टाकली. ज्ञानाने काम केले, पण त्याला चाळीस वर्षे लागली. एकेका माणसासाठी ही गती पुष्कळदा फार मंद ठरते. सेंट लुईसचे शल्यविशारद एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी १९३३ मध्ये कर्करोगाने ग्रासलेले संपूर्ण फुप्फुस एका टप्प्यात काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. तो रुग्णही डॉक्टरच होता. ग्रॅहम सिगारेटचे जबर शौकीन. सिगारेट आणि कर्करोग यांचा संबंध त्यांनी आधी उडवून लावला. नायलॉनच्या मोज्यांचा खपही तेवढाच वाढला आहे, असे ते म्हणत. तरीही त्यांनी अर्न्स्ट वाइंडर या विद्यार्थ्याला रुग्ण तपासायची मुभा दिली आणि १९५० मध्ये दोघांच्या नावाने ६८४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याच आकड्यांपुढे हार मानून ग्रॅहम यांनी सिगारेट सोडली. १९५७ मध्ये ते फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. ज्याचे फुप्फुस त्यांनी काढले होते, तो डॉक्टर तेव्हा जिवंत होता.

कळते पण वळत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. निकोटिनच्या बाबतीत हे न वळणे शरीरात नेमके कुठे घडते, ते आता बरेच स्पष्ट झाले आहे. एका सिगारेटमध्ये १० ते १४ मिलिग्रॅम निकोटिन असते आणि ओढणाऱ्याच्या शरीरात त्यातले एक ते दीड मिलिग्रॅम जाते. झुरका फुप्फुसात उतरल्यापासून निकोटिन मेंदूत पोहोचायला दहा ते वीस सेकंद पुरतात. शिरेतून टोचलेले औषधही इतक्या लवकर पोहोचत नाही. मेंदूत ॲसिटिलकोलिन या नैसर्गिक संदेशवाहकासाठी असलेल्या ग्राहकांवर, म्हणजे रिसेप्टरांवर, ते जाऊन बसते. त्यातून डोपामिन सुटते, आणि हे पुन्हा करण्याजोगे आहे, अशी खूण मेंदूच्या आत उमटते. एका सिगारेटचे सुमारे दहा झुरके धरले, तर दिवसाला वीस सिगारेटी म्हणजे दोनशे वेळा ही खूण गडद होते. क्वचितच एखादे दुसरे व्यसन माणूस दिवसातून दोनशे वेळा गिरवत असेल.

सतत निकोटिन मिळत राहिले की ग्राहक बधिर होतात आणि मेंदू त्यांची संख्या वाढवतो. निकोटिनचे रक्तातले प्रमाण साधारण दोन तासांत निम्मे होते, कारण यकृत त्याचे कोटिनिनमध्ये रूपांतर करत असते. पातळी उतरली की रिकामे ग्राहक जागे होतात आणि चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणे सुरू होते. पुढची सिगारेट ही तगमग शमवते. सिगारेटने ताण उतरतो, हा अनुभव म्हणून खोटा नसतो. मात्र उतरलेल्या ताणातला मोठा हिस्सा आधीच्या सिगारेटनेच दिलेला असतो. सावकाराकडून घेतलेल्या पैशाने त्याच सावकाराचे व्याज भागवावे, तसा हा व्यवहार. रात्रभराच्या झोपेत निकोटिन जवळजवळ संपते, म्हणून सकाळची पहिली सिगारेट सर्वांत गोड लागते. उठल्यावर किती मिनिटांत पहिली सिगारेट लागते, या एका प्रश्नावरून अवलंबित्वाची खोली बरीच कळते. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ कार्ल फागरस्ट्रॉम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत या प्रश्नाला सर्वाधिक गुण आहेत, आणि उत्तर पाच मिनिटांच्या आत असेल तर ते सगळे मिळतात.

रसायनाला सवयीची जोड मिळते. चहाचा कप, जेवणानंतरची पाच मिनिटे, काडेपेटीचा आवाज, ठरावीक मित्र, ठरावीक कठडा हे सगळे निकोटिनच्या आगमनाची वर्दी देऊ लागतात. शरीरातले निकोटिन काही दिवसांत निघून जाते आणि सोडल्यानंतरचा त्रास तीन-चार आठवड्यांत ओसरतो. या खुणा मात्र वर्षानुवर्षे टिकतात. दहा वर्षांपूर्वी सोडलेला माणूस एका तेराव्याला किंवा एका लग्नाच्या रात्री पुन्हा ओढू लागतो, तो यामुळे. धोक्याचे ज्ञान आणि ओढीची आठवण मेंदूत एकाच जागी नसतात, आणि रात्री तीन वाजता आठवण ज्ञानाहून लवकर जागी होते.

हे कळायला वैद्यकालाही वेळ लागला. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४ च्या गाजलेल्या अहवालाने सिगारेट आणि कर्करोगाचा संबंध ठामपणे मांडला, पण धूम्रपानाला केवळ सवय म्हटले. तो लिहिणाऱ्या दहा तज्ज्ञांपैकी निम्मे स्वतः ओढत होते. निकोटिन हे हेरॉइन आणि कोकेन यांच्याच जातीचे व्यसन लावते, असे सर्जन जनरलच्या कार्यालयाने १९८८ मध्ये म्हटले. तरीही १९९४ मध्ये सात मोठ्या तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकन काँग्रेसपुढे शपथेवर सांगितले की निकोटिनचे व्यसन लागते असे आपल्याला वाटत नाही.

माणसाच्या मनातल्या ओढीचा अभ्यास ज्याने जन्मभर केला, त्या डॉक्टरचीही यातून सुटका झाली नाही. सिग्मंड फ्रॉइड दिवसाला सुमारे वीस सिगार ओढत. १८९४ मध्ये हृदयाचे ठोके बिघडले, तेव्हा मित्र डॉक्टर विल्हेल्म फ्लीस यांनी सिगार बंद करायला सांगितले. फ्रॉइडनी काही काळ पाळले आणि पुन्हा सुरू केले. १९२३ मध्ये तोंडात कर्करोग निघाला. पुढच्या सोळा वर्षांत तिसाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, टाळूचा आणि जबड्याचा भाग काढावा लागला, त्या जागी बसवलेल्या कृत्रिम तुकड्याने बोलणे-खाणे जिकिरीचे झाले. सिगार सुटला नाही. त्यावाचून काम सुचत नाही, असे ते सांगत. त्यांचे हे सांगणे बहाणा म्हणून झटकून टाकता येत नाही. निकोटिन उतरलेल्या मेंदूचे लक्ष खरोखरच लागत नाही.

रुग्णालयाची कामाची पद्धत या द्रव्याला सोयीची आहे. लांब पाळ्या, रात्रीची जाग, जेवणाच्या वेळेचा पत्ता नाही, आणि मृत्यू पाहून लगेच पुढच्या खाटेकडे वळण्याची सक्ती. अशा ठिकाणी विश्रांती मागता येत नाही, पण ‘जरा खाली जाऊन येतो’ म्हणता येते. सिगारेट हा पाच मिनिटे बाहेर पडण्याचा परवाना होतो, आणि टपरी ही एकच जागा, जिथे वरिष्ठ आणि कनिष्ठ बरोबरीने उभे राहतात. सुरुवात पुष्कळदा विद्यार्थिदशेत, वसतिगृहाच्या खोलीत, परीक्षेच्या जागरणात झालेली असते. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे आणि वैद्यकीय महाविद्यालय ही शैक्षणिक संस्थाच आहे. फाटकासमोरच्या अनेक टपऱ्यांना त्याची फिकीर नसते.

एकाच छताखाली ज्ञान मात्र सारखे वाटले गेलेले नसते, आणि मोकळीकही. अमेरिकेत २०१०-११ च्या पाहणीत डॉक्टरांमध्ये धूम्रपानाचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास होते, नोंदणीकृत परिचारिकांत सात टक्के, आणि त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या, कमी शिक्षण झालेल्या परिचारिकांत पंचवीस टक्के. रुग्ण तेच, आजार तेच. फरक शिक्षणाचा, पगाराचा, आणि आपली पाळी आपण ठरवू शकतो की नाही याचा. जसजसे खाली यावे तसतसा धूर दाट होतो.

महाराष्ट्रात या चित्राला आणखी एक पदर आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या २६.६ टक्के प्रौढांत तंबाखूसेवन आढळले. त्यात धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. इथल्या रुग्णालयातला तंबाखू म्हणून डोळ्यांना फारसा दिसत नाही, नाकालाही कळत नाही. तळहातावर पुडीतली चिमूट पडते, नखाच्या टोकाने चुना लागतो, अंगठा फिरू लागतो, वर दोन थापा बसून भुकटी उडते, आणि गोळी खालच्या ओठामागे जाते. हे सगळे जिना उतरता उतरता होते. त्यासाठी फाटकाबाहेर जावे लागत नाही. चुन्याची भूमिका यात चवीपुरती नसते. तो तंबाखू अल्कधर्मी करतो आणि अशा स्थितीत निकोटिन तोंडाच्या अस्तरातून थेट रक्तात उतरते. सिगारचा धूर याच गुणामुळे तोंडातच शोषला जातो. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असल्याने तो छातीत ओढावा लागतो. फ्रॉइडचा सिगार आणि वॉर्डातल्या मामांची गोळी यांचा रोग त्यामुळे एकाच ठिकाणी येतो. वॉर्डातल्या मावशींपैकी कुणी सकाळी मिश्री लावून कामावर येते आणि त्याला ती तंबाखू म्हणतच नाही. दात घासणे म्हणते. तंबाखूबद्दल विचारले की तिचे ‘नाही’ हे उत्तर प्रामाणिक असते. म्हणूनच इथे मिश्रीबद्दल वेगळे विचारावे लागते.

आरोग्यसेवकाच्या व्यसनाचे मोल त्याच्या एकट्याच्या छातीने फेडले जात नाही. डॉक्टरच्या तोंडचे दोन शब्द किती मोलाचे असतात, हे मायकेल रसेल यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. लंडनमधल्या २८ डॉक्टरांनी दोन हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या रुग्णांवर हा प्रयोग केला. ज्यांना काहीच सांगितले नाही, त्यांच्यातले ०.३ टक्के वर्षअखेर सुटलेले होते. ज्यांना एक-दोन मिनिटे समजावले, पत्रक दिले आणि पुन्हा विचारपूस करू असे बजावले, त्यांच्यातले ५.१ टक्के सुटले. आकडा लहान दिसतो, पण दर दिवशी पन्नास रुग्ण पाहणारे हजारो डॉक्टर धरले की तो मोठा होतो. स्वतः ओढणारा डॉक्टर नेमका इथे कचरतो. विचारले तर आपल्याच अंगाला येणारा वास आधी आठवतो, मग प्रश्नच राहून जातो. रुग्णही हुशार असतो. ‘साहेब पण ओढतात’ एवढा पुरावा त्याला वर्षभर पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ चा तंबाखूविरोधी दिन आरोग्य व्यावसायिकांच्या नावे केला, तो या कारणाने. त्याच काळात वैद्यकीय, दंत आणि परिचर्या विद्यार्थ्यांच्या देशोदेशी झालेल्या पाहण्यांत बहुतेकांनी व्यसनमुक्तीचे प्रशिक्षण हवे असे सांगितले. ते मिळालेले फार थोडे होते. रोगाची ओळख पाठ झालेली आणि व्यसनाचे उपचार शिकवलेलेच नाहीत, अशा अवस्थेत विद्यार्थी पदवी घेतो.

उपचार मात्र आहेत. केवळ मनाच्या बळावर सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे शंभरांत तीन ते पाच असतात. निकोटिनचे च्युइंगगम किंवा पट्टी हे प्रमाण साधारण दीडपट करते. त्यांत निकोटिन असते, पण धूर नसतो, आणि ते मेंदूत सावकाश चढते, त्यामुळे तगमग शमते आणि खूण गिरवली जात नाही. या गमची कल्पना स्वीडनमध्ये निघाली. ज्यांना कामावर असताना ओढता येत नसे ते पाणबुडीतले खलाशी तंबाखू चघळून भागवतात, हे लुंड येथील शरीरशास्त्रज्ञ क्लास लुंडग्रेन यांच्या लक्षात आले, आणि त्यावरून ओव्ह फेर्नो यांनी गम तयार केले. एका अर्थाने ते कामाच्या जागेसाठीच जन्मले. व्हॅरेनिक्लिन ही गोळी त्याच ग्राहकांवर अर्धवट बसते. तगमग कमी करते आणि वर ओढलेल्या सिगारेटची मजाही घालवते. तिने यशाची शक्यता दुपटीहून वाढते. समुपदेशनाची जोड दिली की फळ आणखी चांगले येते. चहावरही लक्ष ठेवावे लागते. धुरामुळे यकृत कॅफिन लवकर संपवत असते. सिगारेट सुटली की तेवढ्याच चहाने कॅफिनची पातळी चढते, हात थरथरतात, झोप उडते, आणि माणूस त्याचा दोष सिगारेट सोडण्याला देतो. भारतात १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक २०१६ पासून चालू आहे आणि तो तंबाखूच्या पाकिटांवरच छापलेला असतो.

आरोग्यसेवकांसाठी औषधांहून दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या ठरतात. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभरच्या रुग्णालयांत धूम्रपानाला बंदी आहे. तिने धूर फाटकाबाहेर गेला, पण धूरविरहित तंबाखूला ती लागू पडत नाही, म्हणून बंदीच्या पुढे जावे लागते. पहिली गोष्ट ही की रुग्णालयाने आपल्याच कर्मचाऱ्यांना रुग्ण मानावे. व्यसनमुक्तीचा बाह्यरुग्ण विभाग सकाळी नऊ ते एक चालतो आणि रात्रपाळीचे मामा आठला घरी जातात, तर तो त्यांच्यासाठी नसल्यासारखाच. दुसरी ही की पाच मिनिटांची विश्रांती सिगारेट न ओढणाऱ्यालाही मिळावी. ती मिळत नाही तोवर न ओढणारा कामावर खिळलेला आणि ओढणारा मोकळा, अशी उलटी बक्षिसी चालू राहते. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या नोंदी सांगतात की जाणती माणसे व्यसन सोडतात आणि सोडल्याचा लाभ साठीतही होतो. ज्यांना आपल्या कामाच्या वेळेवर हक्क होता, मदत मागायची लाज नव्हती आणि ज्यांचे सहकारीही सोडत होते, त्यांनी आधी सोडले. हे तिन्ही ज्यांच्या वाट्याला आले नाही, त्या वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना आणखी एक भित्तिपत्रक दाखवून उपयोग नाही. डॉक्टरांना जे मिळाले ते त्यांनाही मिळायला हवे.